पहिल्या पाण्याचा नियम

१. हळद्या

टाकीत हळद्या तेवढा जिवंत होता.

तळहाताएवढा, पिकल्या लिंबाच्या रंगाचा मासा. काचेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचा, वळायचा, परत यायचा. पाहुण्यानं घरी येऊन बसावं आणि कुणी पाणीसुद्धा विचारू नये, असा त्याचा चेहरा होता. त्याच्याभोवती बाकी सगळं मेलं होतं. प्रवाळांवरचं मांस गळून खालचे पांढरे सांगाडे उघडे पडले होते. खडकाच्या फटीत राहणारी लाल पट्ट्यांची कोळंबी उताणी होती. शंख काचेवरून सुटून वाळूत पडले होते. आणि मधोमध, फ्लॉवरच्या गड्ड्याएवढं जे प्रवाळ होतं, ज्याला घरातले सगळे 'म्हातारी' म्हणायचे, ते भिंतीच्या चुन्यासारखं झालं होतं.

नावाची म्हातारी. वयानं ती आणि धाकटी बरोबरीच्या. धाकटी जन्मली त्या आठवड्यात तिच्या बाबांनी अंगठ्याएवढा तुकडा आणून खडकावर चिकटवला होता.

"मी मारलं, आत्या," धाकटी म्हणाली.

तिची पिशवी दाराशी भरून ठेवली होती.

"उद्या सकाळी बाबांना हॉस्पिटलमधून सोडणार. हृदयाचं ऑपरेशन झालंय, मनाला धक्का नको म्हणून डॉक्टरांनी बजावलंय. आणि ते येऊन आधी इथेच उभे राहणार. मला नाही जमायचं. मी संध्याकाळी ताईकडे जाते. तू सांग त्यांना."

आत्याची नोकरी विमा कंपनीत झाली. जळालेली गोदामं, भिजलेला माल, उलटलेले ट्रक बघायला जायचं आणि तीन गोष्टी शोधून काढायच्या: काय गेलं, कशानं गेलं, कुणामुळे गेलं. तिथे जो तो 'मी नाही' म्हणायचा. त्यातून खरं कसं गाळून काढायचं हे तिला पाठ होतं. आपणहून 'मीच' म्हणणारं माणूस तिच्या वाट्याला पहिल्यांदाच आलं होतं.

"पिशवी आत ठेव," ती म्हणाली. "आजचा दिवस मला दे."

"आणि मीच असले तर?"

"तर सोडायला मी येईन. पण मीच, मीच करत नाचू नकोस. आधी बघू दे."

२. पहिली कबुली

"काय केलंस तू?"

"नियम मोडला."

"कुठला?"

"बाबांचा. पहाटेचं पहिलं पाणी टाकीला. घरात कुणी नळ उघडायच्या आत मागच्या खोलीतल्या नळाला बादली लावायची. रात्रभर विहीर निवांत असते, गाळ बसलेला असतो. वाफेनं जेवढं कमी होतं तेवढं रोज भरायचं. पाणी बदलायचं असलं की त्यातच मीठ कालवायचं. पहिलं टाकीला, दुसरं माणसांना."

"आधीपासून असंच?"

"नाही. मी लहान होते तेव्हा इथे मोठं पिंप होतं. फिल्टरमधून त्यात दिवसभर टपटप चालायची. मला त्या आवाजानं झोप यायची. मग कधीतरी बाबांनी पिंप काढलं आणि हा नियम केला."

"बरं. मोडलास कसा?"

"एक दिवस जाग आली नाही. आईनं ओट्यावरचा नळ सोडला होता, भांडी झाली होती, सगळं झालं होतं. मी तसंच भरलं आणि टाकलं. कुणाला सांगितलं नाही."

"आणि त्या दिवशी सगळं गेलं?"

"नाही. मलूल आधीच झालं होतं. त्या दिवशी टाकी जरा बरी दिसली उलट. मग मी घाबरून दुसऱ्या दिवसापासून अंधारातच उठायला लागले. एकदाही चुकले नाही. तरी गेलं."

मागच्या खोलीच्या भिंतीवर फिल्टर होता: तीन उभे पांढरे डबे आणि वर एक आडवी जाड नळी.

"बादली भरायला किती वेळ लागतो गं?"

"छे, चहा उकळायच्या आत भरते."

आत्यानं हात धुतले. बेसिन पांढरंशुभ्र होतं, फक्त नळाखाली एक ओघळ होता. हिरवट निळा. ती वाकून बघते तोवर मागून वहिनी आली, हातात ब्रश. तिनं तो डाग खसाखसा घासून काढला.

"कालच घासला होता," ती पुटपुटली. "परत येतो मेला."

३. माशाची साक्ष

मासा काही बोलला नाही.

पण आत्या त्याच्यासमोर स्टूल घेऊन बराच वेळ बसली. हा खादाड. उपासमारीनं गेलं असतं तर याला आधी कळलं असतं. पाणी तापलं असतं, नासलं असतं, तर यानं आधी मान टाकली असती. हा मात्र धडधाकट. म्हणजे पाण्यात जे काही होतं ते माशाला सोसत होतं. ज्यांना हाडं नाहीत, त्यांना ते सोसलं नाही.

तिनं टाकीतलं पाणी एका बाटलीत भरून घेतलं. हळद्या काचेपर्यंत आला, तोंड उघडलं, मिटलं आणि वळला.

४. दुसरी कबुली

टाकीचे मासे आणि मीठ विकणाऱ्या मासेवाल्याच्या दुकानात इतक्या मोटरी घुरघुरत होत्या की बोलायला ओरडावं लागे.

"ताई, मीच!" तो ओरडला. "मीठ बदललं मी. काकांचं नेहमीचं संपलं होतं, तुमच्या पुतणीला दुसरं दिलं. पहिल्या रात्रीपासून मला चैन नाही. दुकान बंद करून येणार होतो, पण काय तोंड दाखवू?"

"बाकी कुणाला दिलंत ते मीठ?"

"दिलं की. चौघांना."

"त्यांचं काय झालं?"

त्यानं बोटांवर मोजलं. "काही नाही झालं."

"मग रडू नका. हे टाकीतलं पाणी तपासा."

त्यानं बाटलीतलं पाणी छोट्या काचेच्या नळीत घेतलं, थेंब टाकले, हलवलं. एकेक नळी उजेडात धरून तो मान हलवत होता. शेवटची धरली आणि त्याची मान थांबली. पाणी निळं झालं होतं.

"तांबं," तो म्हणाला. या वेळी ओरडला नाही, तरी तिला ऐकू आलं. "माशांना कीड लागली की आम्ही तांब्याचंच औषध देतो, पण वेगळ्या टाकीत. प्रवाळाला, कोळंबीला, शंखाला ते म्हणजे सरळ विष. पण ताई, काकांकडे आरओ आहे. जाळी गाळ अडवते, कोळसा वास अडवतो, आणि विरघळलेलं जे काही असेल ते वरच्या आडव्या नळीतलं मेम्ब्रेन अडवतं. त्यातून तांबं जाईल कसं?"

"मेम्ब्रेन खराब झालं असेल."

"तेच मी काकांना म्हणायचो. जाळी नेता, कोळसा नेता, मेम्ब्रेन बदला की कधी. तर हसायचे. म्हणायचे, आमचं अमर आहे."

५. तिसरी कबुली (फक्त उत्तरं)

आत्यानं काय विचारलं ते थोरल्या पुतणीच्या नवऱ्याच्या, म्हणजे जावयाच्या, उत्तरांवरूनच कळतं.

— या आत्या. त्या खोक्यावर नको, गॅसचे सिलिंडर आहेत. इथे बसा.

— मला वाटलंच होतं तुम्ही येणार. मीच ते.

— मेन स्विच! भिंतीत ड्रिल मारायचं होतं, मेन बंद केलं. टाकीची मोटर त्याच लाइनवर आहे हे लक्षातच नाही आलं. सबंध दुपार बंद. बायकोला अजून बोललो नाही मी. बोललो तर मलाच टाकीत ठेवील.

— असं कसं? मासा जगला म्हणून मोटर बंद पडल्यानं काही झालं नाही? बघा हं, मला बरं वाटावं म्हणून बोलू नका.

— ड्रिल पाइपासाठी. विहिरीच्या पंपापासून घरात येणारा जुना प्लास्टिकचा होता, उन्हानं तडकलेला. सासऱ्यांचं ऑपरेशन झालं, मला वाटलं ते यायच्या आत काहीतरी करावं त्यांच्यासाठी. हाताला दुसरं काय येतं मला?

— तांब्याचा. एसी बसवणारा माणूस मी, माझ्याकडे दुसरं काय असणार! अस्सल माल. सासरी प्लास्टिक लावू?

— विचारलं तर. हॉस्पिटलमध्ये फोन केला, पाइप बदलू का बाबा. म्हणाले, बदल. बसवल्यावर परत केला. म्हटलं, तांब्याचा टाकलाय, नातवंडं वापरतील.

— काही नाही म्हणाले.

— नाही, फोन कट नव्हता झाला. मागे ट्रॉलीचा आवाज येत होता की. नुसते गप्प होते. मग म्हणाले, बरं.

— आत्या, अशा का बघताय?

६. वहिनी (फक्त प्रश्न)

फिल्टरच्या आडव्या नळीवर आत्यानं बोटानं टिचकी मारली. रिकाम्या डब्यासारखा आवाज आला. नळीतून टाकाऊ पाणी जायला जो पिवळट पाइप होता तो दुमडून सुतळीनं बांधला होता, आणि गाठीवर कोळ्यानं जाळं विणलं होतं. जुनं, धूळ धरलेलं जाळं. गाठीला एक लहान फास आणि एक लांब फास, म्हणजे एका हातानं ओढली की सुटावी.

स्वयंपाकघरात फळीवर बरण्यांची रांग होती. प्रत्येकीच्या तोंडाला फडकं, आणि प्रत्येक फडक्याला एक लहान फास, एक लांब फास.

वहिनी ओट्याशी एका बरणीला फडकं बांधत होती.

"वहिनी, फिल्टरची नळी रिकामी आहे. ठाऊक आहे?"

वहिनीनं सुतळीचा एक वेढा घेतला.

"त्यातलं मेम्ब्रेन कुणी काढलं?"

दुसरा वेढा.

"ज्या वर्षी विहिरीचा तळ दिसला होता, त्या वर्षी का?"

सुतळी तिच्या हातात राहिली. गाठ मारायची वेळ आली होती आणि तिला ती मारता येईना.

"मी कंपनीची माणूस म्हणून नाही विचारत. धाकटीची पिशवी बघितलीत ना?"

मग वहिनी बोलली, बरणीकडे बघतच.

"एका बादलीला चार बादल्या गटारात जायच्या, वन्सं. विहिरीला चिखल लागला होता. मी कपडे दोन पाण्यांत काढत होते आणि ते मागच्या खोलीत समुद्र पोसत होते. एक दिवस ते बाहेर गेल्यावर उघडलं, ती वळकटी काढली आणि फेकून दिली. म्हटलं, मरू देत एकदाचं सगळं."

"आणि मेलं नाही."

"उलट बहरलं! आपलं पाणीच गोड. आणि हे रोज जेवताना फिल्टरचं कौतुक करायला लागले. 'आपला फिल्टर म्हणजे फिल्टर आहे!' मला असं हसू यायचं, वन्सं. तोंड फिरवून हसायची मी." तिनं डोळे पुसले. "मरू देत म्हटलं होतं मी. आता मेलं. त्यांना सांगू नका."

७. जे जुळत नव्हतं

आत्या मागच्या खोलीत येऊन बसली. पाण्यात तांबं नव्या पाइपातून आलं. ते फिल्टरनं अडवलं नाही, कारण फिल्टर पोकळ होता. जावयाला फिल्टरचं ठाऊक नव्हतं. वहिनीला पाइपाचं ठाऊक होतं, पण तांब्यानं प्रवाळ मरतात हे तिच्या गावीही नव्हतं. धाकटीला दोन्ही ठाऊक नव्हतं. गोदामाच्या आगीत असं असतं तर तिनं 'अपघात' लिहून फाइल मिटली असती.

पण काहीतरी सलत होतं. तिनं उठून नळाला बादली लावली.

धो धो. बादली बघता बघता भरली.

मेम्ब्रेन असलेल्या फिल्टरमधून पाणी असं येत नाही. ते ठिबकतं. म्हणून तर पिंप होतं, दिवसभर टपटप होती. पहिलं पाणी, दुसरं पाणी असा भेद करायला पाणी धारेनं यावं लागतं. आणि गाळ बसलेलं निवांत पाणी हवं, याची काळजी तोच करतो ज्याला माहीत असतं की पुढे गाळायला काही नाही.

पिंप काढून नियम कुणी केला होता?

तिनं नळ बंद केला आणि चपला शोधायला लागली.

८. दादा

"किती गेलं?" त्यानंच विचारलं.

हॉस्पिटलच्या पलंगावर तो भिंतीला टेकून बसला होता, गळ्याखाली पट्टी.

"तुला कुणी सांगितलं, दादा?"

"धाकटीनं. फोनवर म्हणाली, टाकी छान आहे. जन्मात तिनं माझ्या टाकीला छान म्हटलेलं नाही. वास येतो म्हणते."

"हळद्या आहे."

"आणि म्हातारी?"

आत्यानं नकारार्थी मान हलवली. त्यानं चादरीचा एक धागा ओढायला घेतला.

"फिल्टर पोकळ आहे हे तुला केव्हा कळलं?"

"लगेच. बांधलेला पाइप दिसला. तुझ्या वहिनीची गाठ आंधळ्यालाही कळेल. रागावलो होतो गं मी. रात्री जेवताना मुद्दाम टोमणा मारला, आपला फिल्टर म्हणजे फिल्टर आहे, बघ कसं बहरलंय. वाटलं, आता कबूल करेल. तर ती ओट्याकडे वळली आणि तिचे खांदे हलायला लागले." तो थांबला. "माझ्या घरात आल्यापासून ती तशी कधी हसली नव्हती. मग मी रोज म्हणायला लागलो. पिंप काढलं, नियम केला, पाणी जेवढं चांगलं मिळेल तेवढं घेतलं. चाललं होतं."

"आणि जावयानं फोनवर तांब्याचा पाइप म्हटलं, तेव्हा?"

"तेव्हाही लगेच कळलं. इतकी वर्षं टाकी ठेवलीय, मला तांबं कळणार नाही? धाकटीला नुसतं म्हणायचं होतं, त्या नळाचं घेऊ नकोस. पण ती विचारणार, का बाबा, फिल्टर आहे ना? फोन हातात घेतला. ठेवला. म्हटलं, उद्या काहीतरी निमित्त काढू. दुसऱ्या दिवशीही तेच म्हटलं."

"तिनं पिशवी भरलीय. मी मारलं म्हणते आणि घर सोडून जाते म्हणते."

दादाच्या बोटांतला धागा तुटला. हे त्याला ठाऊक नव्हतं.

"नियम पाळत होती ना ती?" त्यानं विचारलं.

"एकदा चुकली. तेच धरून बसलीय."

तो खिडकीकडे बघत राहिला. आत्या जायला निघाली तेव्हा म्हणाला, "धाकटीला काहीही सांग. पण वहिनीला सांगू नकोस, मला ठाऊक होतं म्हणून."

९. काय गेलं, कशानं गेलं

दुसऱ्या दिवशी जावयानं त्याला आणलं. दादा टाकीसमोर खुर्चीत बसला. त्यानं म्हातारीकडे बघितलं. हळद्या त्याला ओळखून काचेशी आला. धाकटी दाराजवळ उभी होती. आत्यानं गळ घातली म्हणून रात्र राहिली होती, पण पिशवी खांद्याला होती. वहिनी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात.

"तांब्यानं गेलं," आत्या म्हणाली.

जावई मटकन खाली बसला.

"पाइप नवा. रात्रभर त्यात पाणी उभं राहतं आणि तांबं सुटतं. माणसाला त्यानं काही झालं नाही, बेसिनला डाग पडला. पण सकाळी पहिला नळ जो उघडेल त्याच्या बादलीत ते सगळं उतरतं. नंतर पाणी वाहतं राहिलं की पुष्कळ कमी होतं."

"पहिलं पाणी," धाकटी म्हणाली.

"हो. तू रोज पहाटे उठून तेच घातलंस. एक दिवस सोडून."

धाकटीला कळायला थोडा वेळ लागला. "ज्या दिवशी मला जाग आली नाही?"

"त्या दिवशी प्रवाळांना बरं वाटलं ते उगीच नाही. तू चुकलीस तेवढीच त्यांना सुटी मिळाली."

हे ऐकून तिला हलकं वाटायला हवं होतं. ती रडायला लागली. "म्हणजे रोज मीच घातलं. माझ्या हातानं."

"पण आत्या, फिल्टर?" जावई कपाळ धरून म्हणाला. "पाइप माझा, मान्य. पण मध्ये फिल्टर होता ना? त्यानं अडवायला नको?"

"फिल्टर रिकामा होता," आत्या म्हणाली, आणि थांबली.

कुणामुळे गेलं, हा तिसरा प्रश्न ती विचारणार नव्हती. कंपनीला त्याचं उत्तर लागायचं, त्यावर पुढचं सगळं ठरायचं. इथे तिनं दोघांना शब्द दिला नव्हता, पण मोडवतही नव्हतं. ती हळद्याकडे बघत राहिली.

मग धाकटीनं नाक पुसलं. "फिल्टर मी उघडून बघायला हवा होता. टाकी माझ्यावर सोपवली होती." तिनं पिशवी सारखी केली आणि दाराची कडी काढली.

"मी काढलं ते," वहिनी म्हणाली.

"मला ठाऊक होतं," दादा म्हणाला.

दोघं एकाच वेळी बोलले, त्यामुळे क्षणभर कुणालाच काही कळलं नाही. मग वहिनी सावकाश वळली.

"काय ठाऊक होतं?"

"तू काढलंस ते. गाठ बघितली होती मी. पाइप तांब्याचा आहे तेही ठाऊक होतं. सगळं ठाऊक असणारा मी एकटाच होतो. धाकटे, कडी लाव."

"केव्हापासून?" वहिनीनं विचारलं.

"पहिल्या दिवसापासून."

"म्हणजे मी तोंड फिरवून हसत होते, ते..."

"बघत होतो."

वहिनीचा चेहरा लाल झाला. लग्न होऊन इतकी वर्षं झालेल्या बाईचा नव्हे, चोरी पकडली गेलेल्या पोरीचा. ती आत गेली. ओट्यावरचा नळ जोरात सुटला आणि भांडं नसताना कितीतरी वेळ वाहत राहिला.

धाकटीनं कडी लावली. पिशवी खाली ठेवली नाही, तशीच खांद्याला घेऊन ती बाबांच्या खुर्चीशी बसली.

१०. टपटप

जावयानं तांब्याचा पाइप काढून प्लास्टिकचा टाकला. कुणी सांगितलं नव्हतं. काढताना तो प्रत्येक तुकडा फडक्यानं पुसून ठेवत होता.

मासेवाल्यानं नवं मेम्ब्रेन आणून बसवलं, पाइपाची गाठ सोडली. पिंप परत आलं. आता मागच्या खोलीत दिवसभर टपटप असते. एकीकडे थेंब पिंपात पडतात, दुसरीकडे टाकाऊ पाणी जातं, चौपट. वहिनी ते बादल्यांत धरते आणि कपड्यांना वापरते. आवाज अगदी असह्य झाला तरी ती कधी नळ बंद करत नाही.

टाकीत हळद्या एकटा आहे. म्हातारीचा सांगाडा दादानं काढू दिला नाही.

फिल्टरबद्दल तो जेवताना काही बोलत नाही. एकदा सवयीनं "आपला फिल्टर..." एवढं तोंडातून निघालं होतं. वहिनी ओट्याकडे वळली नाही. समोर बघत राहिली. त्यानं घास घेतला.

पहिल्या पाण्याचा नियम आता कुणाला लागत नाही. पाइप प्लास्टिकचा, पिंप भरलेलं, पहिलं काय नि दुसरं काय. तरी आत्या त्या घरी राहिली की तिला एक गोष्ट दिसते. पहाटे दादा, वहिनी, धाकटी तिघंही जागी असतात. कुशी बदललेल्या ऐकू येतात, कुणीतरी खोकतं, कुणाच्या तरी बांगड्या वाजतात. पण उठत कुणी नाही. आधी दुसऱ्या कुणीतरी नळ उघडावा म्हणून प्रत्येक जण वाट बघत पडून असतो, आणि शेवटी उजाडतं तेव्हा आत्याच उठते, नळ सोडते आणि पहिली बादली गटारात ओतते.